रिमोटची कुंडली, थेट कमांड लाइनवर

टीव्ही जातो, रिमोट उरतो. सेट-टॉप बॉक्स बदलतो आणि त्याचा जुना रिमोट ड्रॉवरच्या तळाशी जाऊन बसतो. डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो, पण त्याच्या रिमोटची बटणं अजून ठणठणीत असतात. या रिमोटना टाकाऊ समजू नका. लिनक्स चालणारा एखादा संगणक, अवरक्त किरण टिपणारा एक छोटा सुटा भाग आणि टर्मिनलवरचे मोजके आदेश, एवढ्या भांडवलावर हाच रिमोट गाणी लावतो, सिनेमा थांबवतो, आवाज कमी-जास्त करतो. त्याची भाषा गुप्त नाही. ती कुणालाही वाचता येते आणि संगणकाला शिकवता येते. त्या भाषेच्या आणि त्या शिकवणीच्या या सुरस गोष्टी.

१. पारा चढला आणि किरण सापडले

सन १८००. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश पाडून कोणत्या रंगात किती उष्णता असते ते मोजत होते. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. अवरक्त किरणांशी माणसाची ही पहिली ओळख. आपल्या डोळ्यांची मजल साधारण ७५० नॅनोमीटरपर्यंत; बहुतेक रिमोटमधला एलईडी चमकतो ९४० नॅनोमीटरच्या आसपास. त्यामुळे तो डोळ्यांसमोर चमकूनही दिसत नाही. आणखी एक गंमत: अवरक्त एलईडी हा दिसणाऱ्या लाल एलईडीचा थोरला भाऊ आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जेम्स बियार्ड आणि गॅरी पिटमन यांना तो १९६१ मध्ये गवसला. निक होलोन्याक यांचा लाल एलईडी आला १९६२ मध्ये.

२. बिनसेलचा रिमोट

टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट १९५५ चा. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ बनवला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार फोटोसेल आणि हातात टॉर्च. पण पडद्यावर ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनल बदलायचा. मग १९५६ मध्ये त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ‘स्पेस कमांड’ आणला. त्यात सेलच नव्हता! बटण दाबलं की छोटा हातोडा अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटायचा आणि माणसाला ऐकू न येणारा नाद उमटायचा. तो नाद ओळखण्यासाठी टीव्हीत जादा व्हॅक्यूम ट्यूब बसवाव्या लागल्या आणि टीव्ही महागला. तरीही हीच पद्धत सुमारे पंचवीस वर्षं चालली. ऐंशीच्या दशकात अवरक्त किरणांनी तिची जागा घेतली. पॉली आणि अ‍ॅडलर या दोघांना १९९७ मध्ये एमी पुरस्कार मिळाला.

३. एका दाबात हजार लुकलुकी

बटण दाबल्यावर रिमोटचा एलईडी नुसता लागून विझत नाही. तो सेकंदाला ३८ हजारांच्या वेगाने लुकलुकतो आणि त्या लुकलुकीचे छोटे-मोठे तुकडे पाडून निरोप धाडतो. भारतात सर्रास आढळणाऱ्या एनईसी पद्धतीचा हिशेब करून पाहा. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा एक लांब तुकडा आणि मग प्रत्येकी ५६२.५ मायक्रोसेकंदांचे ३३ छोटे तुकडे. सगळे मिळून साडेसत्तावीस मिलिसेकंदांचा उजेड, म्हणजेच एका दाबात हजाराच्या वर लुकलुकी. एवढी यातायात कशासाठी? तर ऊन, दिवे, शेगडी अशा सगळ्यांतूनच अवरक्त किरण निघतात. त्या गर्दीतून आपला निरोप वेगळा ओळखू यावा म्हणून ही लय. समोरचा किरण टिपणारा भाग, म्हणजेच ग्राहक, फक्त त्या लयीतला उजेड मोजतो. बाकीच्याकडे लक्षच देत नाही.

४. ३८ चा आकडा आला कुठून?

४५५ भागिले १२. बस, एवढंच! ४५५ किलोहर्ट्झवर कंप पावणारे सिरॅमिक रेझोनेटर रेडिओच्या धंद्यामुळे आधीपासून ढिगाने बनत होते आणि स्वस्त होते. त्यांच्या कंपनांना बाराने भागलं की ३७.९ किलोहर्ट्झ मिळतात, त्यालाच आपण ३८ म्हणतो. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते, सोनीची ४० वर. ३८ च्या ग्राहकाला ३६ किंवा ४० चा रिमोट जवळून बहुधा ऐकू येतो, पण पल्ला घटतो. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून रिमोट चालेना, तर आधी हा आकडा जुळतो का ते पाहावं.

५. खरं-खोटं निरोपातच कळतं

एनईसी पद्धतीत एका निरोपात ३२ बिट असतात. आधी पत्ता, मग त्याच पत्त्याचं उलटं रूप. मग आज्ञा, मग त्याच आज्ञेचं उलटं रूप. उलटं म्हणजे शून्याच्या जागी एक आणि एकाच्या जागी शून्य. दोन्ही जुळले नाहीत तर निरोप वाटेत बिघडला हे ताबडतोब समजतं. या उलट-सुलट मांडणीमुळे प्रत्येक निरोपात नेमके १६ शून्य आणि १६ एक येतात. एकाला शून्याच्या दुप्पट वेळ लागतो, तरीही प्रत्येक बटणाचा निरोप सारख्याच लांबीचा, सुमारे ६८ मिलिसेकंदांचा भरतो. बटण दाबूनच ठेवलं तर पूर्ण निरोप पुन्हा जात नाही. ‘मघाचंच चालू द्या’ अशी एक आखूड खूण जात राहते.

६. अकरा की एक-एक?

फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये फक्त १४ बिट. त्यातल्या पाचांत यंत्राचा पत्ता, सहांत आज्ञा. म्हणजे ३२ यंत्रं गुणिले ६४ आज्ञा, एकूण २०४८ निरोप. टीव्हीचा पत्ता शून्य, आवाज वाढवण्याची आज्ञा १६, कमी करण्याची १७. पण खरी अक्कल एका छोट्या बिटात आहे. प्रत्येक नव्या दाबाला तो बिट पालटतो. बटण दाबून धरलं तर तसाच राहतो. त्यामुळे तुम्ही ‘१’ दोनदा दाबून अकरावा चॅनल मागितला, की एकदाच दाबून बोट उचलायला विसरलात, हे टीव्हीला बरोबर कळतं. रिमोटची कच्ची नोंद पाहताना एकाच बटणाचे दोन वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका. तो हाच पालटणारा बिट.

७. सोनी एकदा सांगून थांबत नाही

सोनीची पद्धत निरोप किमान तीनदा धाडते, दर ४५ मिलिसेकंदांनी एक. निरोपाची लांबीही तीन प्रकारची: १२, १५ किंवा २० बिट. संगणकावरून सोनीचं यंत्र चालवायचं असेल तर ही सवय पाळावी लागते. एकदाच निरोप धाडला तर बरीच यंत्रं ढिम्म राहतात.

८. एकच बटण, दोन आकडे

एलजी टीव्हीच्या पॉवर बटणाचा आकडा शोधला तर एका ठिकाणी २०डीएफ१०ईएफ असा सोळा-अंकी पद्धतीतला लांबलचक आकडा सापडतो. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल मात्र त्याच बटणाला ०४०८ म्हणतो. चूक कुणाचीच नाही. एनईसी पद्धतीत लहान किमतीचा बिट आधी जातो. काही प्रोग्रॅम बिट ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहून ठेवतात. कर्नल ते सुलटे करतो आणि खातरजमेचे उलटे भाग गाळून टाकतो. ०४ चे आठ बिट उलट्या क्रमाने लिहा, २० येतात. ०८ चे लिहा, १० येतात. उरलेले डीएफ आणि ईएफ ही त्यांचीच उलटी रूपं. बिटांचं हे कोडं कागदावर सोडवून पाहण्यात मोठी मौज आहे.

९. तीन पायांचा काळा ठोकळा

संगणकाला रिमोट ऐकू यावा म्हणून लागतो टीएसओपी नावाचा बोटाच्या पेराहून लहान भाग. पाय तीनच: वीज, ग्राउंड आणि संदेश. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत प्रोजेक्टवाली मुलं तो नावाने मागतात. १७३८ या नावातले शेवटचे दोन अंक म्हणजे आपले ३८ किलोहर्ट्झ. पण एक काळजी घ्या. जुना १७३८ पाच व्होल्टवर चालतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत; पाच व्होल्टचा संदेश थेट दिला तर तो संगणक बिघडू शकतो. त्यासाठी ३८२३८ हा भाग घ्यावा. तो अडीच ते साडेपाच व्होल्टमध्ये कुठेही चालतो. एवढं साधलं की रास्पबेरी पायच्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘जीपीआयओ-आयआर’ ही एक ओळ आणि पिनेचा आकडा लिहायचा. संगणक पुन्हा सुरू केला की ग्राहक तयार.

१०. कोलोन विद्यापीठातून निघालेली वाट

लिनक्सवर रिमोट चालवण्याची जुनी आणि मानाची सामग्री म्हणजे लर्क. तिच्या मूळ प्रोग्रॅमवर १९९६-९७ चं नाव आहे जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या राल्फ मेट्झलर यांचं. १९९८ पासून ख्रिस्टोफ बार्टेलमुस यांनी धुरा घेतली. तेव्हा यूएसबी नवं होतं. म्हणून लोकांनी ग्राहक घरीच जोडले, तेही सिरियल पोर्टवर! मोडेमला ‘समोरून तार लागली’ हे कळवण्यासाठी असलेली पिन रिमोटचे स्पंद मोजायला वापरली आणि दुसऱ्या एका पिनेतूनच ग्राहकाची वीज घेतली. एक टीएसओपी, एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर, एक डायोड, एक रोध, एक कपॅसिटर. पाच सुट्या भागांत पूर्ण यंत्र. हौशी माणसांनी हा आराखडा जगभर डागून पाहिला आणि रिमोटांच्या आकड्यांचा भलामोठा सामाईक संग्रह उभा केला.

११. लिनक्सच्या लेखी रिमोट म्हणजे कीबोर्ड

ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६.३६ मध्ये लर्कचा गाभा थेट कर्नलमध्ये शिरला. मौरो कार्व्हाल्यो चेहाब आणि जेरड विल्सन यांचा या कामात मोठा वाटा. तेव्हापासून चित्र पालटलं. एनईसी, आरसी-५, आरसी-६, सोनी या भाषा कर्नलला स्वतःलाच येतात. रिमोटचं बटण दाबलं की कर्नल ते कीबोर्डच्या कळीसारखं पुढे सरकवतो. त्यामुळे व्हिडिओ प्लेअरला रिमोट म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. कर्नलच्या भांडारात आज शंभराहून अधिक रिमोटचे बटण-तक्ते तयार आहेत. कदाचित तुमचाही त्यात असेल.

१२. पहिला आदेश: आयआर-कीटेबल

टर्मिनल उघडा आणि ‘आयआर-कीटेबल’ हा आदेश द्या. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत. जोडलेले सगळे ग्राहक आरसी-०, आरसी-१ अशा नावांनी समोर येतात. कोणता ड्रायव्हर, कोणता तक्ता, कोणत्या भाषा चालू, सगळं दिसतं. आता त्याच आदेशापुढे ‘-टी’ लावा आणि रिमोटचं बटण दाबा. भाषेचं नाव आणि बटणाचा आकडा पडद्यावर उमटतो. काहीच उमटलं नाही तर भाग खराब आहे असं लगेच ठरवू नका. ग्राहक बहुधा आपल्या मूळ तक्त्यापुरतीच भाषा चालू ठेवतो. ‘-पी’ लावून सगळ्या भाषा चालू करा आणि पुन्हा दाबा. रिमोट ‘चालत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा एवढंच असतं.

१३. चौकटी कंसातलं गुपित

लिनक्समध्ये यंत्राची स्थितीसुद्धा फाइलसारखी वाचता येते. ‘सिस’ फोल्डरच्या आत ‘क्लास’, त्यात ‘आरसी’, त्यात ‘आरसी-०’ आणि तिथे ‘प्रोटोकॉल्स’ नावाची फाइल. ती ‘कॅट’ने वाचली की भाषांची यादी येते. ज्या चालू आहेत त्या चौकटी कंसात, बाकीच्या उघड्या. खिडक्या नाहीत, मेन्यू नाहीत, एका ओळीत सगळा कारभार.

१४. स्वतःचा तक्ता दहा ओळींत

तक्ता नसलेल्या रिमोटसाठी तो आपण लिहायचा. साधी मजकुराची फाइल: वर रिमोटचं नाव, त्याची भाषा आणि खाली एकेका ओळीत बटणाचा आकडा, बरोबरचं चिन्ह आणि कळीचं नाव. आकडे ‘-टी’ने आधीच मिळालेले असतात. मग ‘आयआर-कीटेबल’ला ‘-सी’ देऊन जुना तक्ता पुसायचा आणि ‘-डब्ल्यू’ देऊन नवा चढवायचा. संगणक सुरू होताना तो आपोआप चढावा असं वाटत असेल तर ‘एटसी’ फोल्डरमधल्या ‘आरसी-मॅप्स’ फाइलमध्ये एक ओळ घालायची. पॉवर बटण मात्र विचारपूर्वक नेमा. त्याला संगणकाच्या पॉवर कळीचं नाव दिलं तर टीव्ही बंद करायला जाल आणि संगणकही बंद होऊ शकेल.

१५. ‘ओके’ दाबलं तरी ओके नाही

सगळी बटणं चालतात आणि नेमकं मधलं ‘ओके’ चालत नाही, असा अनुभव पुष्कळांना येतो. कारण ऐतिहासिक आहे. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी जुनी एक्स-११ व्यवस्था कळीचा क्रमांक आठ बिटांत ठेवते, म्हणजे २५५ च्या पुढे तिची मोजणीच संपते. लिनक्समध्ये ‘ओके’ या कळीचा क्रमांक आहे ३५२! लाल, हिरवं, पिवळं, निळं ही रंगीत बटणं ३९८ ते ४०१, चॅनल पुढे ४०२. एक्स-११ ला ही दिसतच नाहीत. आवाजाच्या कळी मात्र ११४ आणि ११५ असल्याने बिनतक्रार चालतात. इलाज सोपा: तक्त्यात ‘ओके’च्या जागी ‘एंटर’ लिहा.

१६. अर्धा सेकंद थांबा, मग धावा

बटण दाबून धरल्यावर संगणक किती वेळ थांबून पुन्हा पुन्हा कळ मोजू लागतो? लिनक्समध्ये मुळात ५०० मिलिसेकंद, आणि मग दर १२५ मिलिसेकंदांनी एक. आवाज सरसर वाढावा असं वाटत असेल तर ‘आयआर-कीटेबल’चे मोठ्या अक्षरांतले ‘-डी’ आणि ‘-पी’ हे दोन पर्याय बदला. लहान ‘-पी’ भाषेसाठी, मोठा ‘-पी’ वेगासाठी. गल्लत करू नका.

१७. आता संगणकच रिमोट

ऐकणं झालं, बोलणंही जमतं. अवरक्त एलईडी जोडा, मग ‘आयआर-सीटीएल’ या आदेशाला मोठा ‘-एस’, भाषेचं नाव आणि आकडा द्या, टीव्ही बंद! लर्कची मंडळी हेच ‘आयआर-सेंड’ने करतात: ‘एकदाच धाडा’, रिमोटचं नाव, बटणाचं नाव. हा आदेश ‘क्रॉन’मध्ये टाकला की ठरल्या वेळी आपोआप निरोप जातो. सकाळी सहाला रेडिओ लागेल, रात्री अकराला टीव्ही झोपेल. विंडोज मीडिया सेंटरसाठी बनलेले जुने यूएसबी ग्राहक हाताशी असतील तर सोन्याहून पिवळं. त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि त्यातले बरेच ऐकतातही, बोलतातही.

उलट दिशेनेही गंमत आहे. लर्कमधल्या ‘आयआर-एक्झेक’ला एका फाइलीत बटण आणि आदेश यांच्या जोड्या लिहून द्या. मग रिमोटचं कोणतंही बटण टर्मिनलवरचा कोणताही आदेश चालवेल. निळं बटण दाबलं की फोटोंची नक्कल दुसऱ्या डिस्कवर, पिवळं दाबलं की भक्तिगीतांची यादी. ज्यांना माऊस धरणं कठीण जातं अशा ज्येष्ठांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

१८. एसीचा रिमोट वेगळ्याच जातीचा

टीव्हीचा रिमोट ‘आवाज एक पायरी वाढव’ एवढंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र दर दाबाला पूर्ण अर्ज नव्याने भरून देतो: तापमान २४, पंखा मध्यम, झडप हलती, टायमर बंद. म्हणूनच त्याला स्वतःचा पडदा लागतो आणि म्हणूनच त्याचा निरोप लांबलचक असतो. अवरक्त निरोप एकतर्फी, पोचपावती नाही. मध्ये कुणी आडवं आलं आणि निरोप हुकला, तर रिमोट दाखवतो २४ आणि एसी बसतो २८ वर. संगणकावरून एसी चालवायचा तर एकेका बटणाऐवजी एकेक पूर्ण स्थिती नोंदवून ठेवावी लागते: ‘दुपारचं २६’, ‘रात्रीचं २८’, ‘बंद’. ‘आयआर-सीटीएल’ला ‘-आर’ दिलं की कच्चे स्पंद मायक्रोसेकंदांत मिळतात. तेच फाइलीत साठवायचे आणि हवे तेव्हा जसेच्या तसे परत धाडायचे. भाषा समजण्याचीही गरज नाही.

१९. वॉझ्नियॅक यांचा रिमोट

अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर काय बनवलं? रिमोट! त्यांच्या सीएल-९ कंपनीचा ‘कोर’ १९८७ मध्ये बाजारात आला. दुसऱ्या रिमोटचे निरोप तो शिकायचा आणि एका बटणावर निरोपांची अख्खी मालिका साठवायचा. आत होता अ‍ॅपल-टूच्याच ६५०२ कुळातला प्रोसेसर. त्याला सिरियल जोडणीने संगणकाशीही बोलता यायचं. सामान्य खरेदीदाराला तो अवघड गेला, पण ‘रिमोट हाही संगणक आहे आणि तो आपल्याला हवा तसा घडवता यावा’ हा त्यामागचा विचार आज प्रत्येक टर्मिनलवर खरा झाला आहे.

२०. एक अवरक्त गेलं, दुसरं बळावलं

नव्वदच्या दशकात लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना फाइली द्यायचे ते इर्डा नावाच्या अवरक्त पद्धतीने, अगदी समोरासमोर ठेवून. ब्लूटूथ आणि वाय-फायने ती मोडीत काढली आणि जून २०१८ मध्ये लिनक्स ४.१७ मधून तिची गच्छंती झाली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ४.१८ ने रिमोटला बढती दिली. शॉन यंग यांच्या कामामुळे आता अनोळखी रिमोटची भाषा उलगडणारा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम बीपीएफ तंत्राने चालत्या कर्नलमध्ये चढवता येतो. कर्नल नव्याने बांधायची गरज नाही, आणि तो प्रोग्रॅम घातक नाही ना, हे कर्नल आधी स्वतः तपासून घेतो. कित्येक दशकं जुन्या तंत्रासाठी इतकं ताजं काम होतं आहे, ही मोठी आनंदाची गोष्ट.

२१. एचडीएमआयच्या तारेतून आलेला रिमोट

टीव्हीला एचडीएमआयने रास्पबेरी पाय जोडला असेल तर टीव्हीच्याच रिमोटची बटणं त्या तारेतून पायपर्यंत पोचू शकतात. या सोयीचं नाव सीईसी. लिनक्सने तिच्यासाठी वेगळा संसार थाटला नाही. ही बटणंही रिमोटच्याच व्यवस्थेतून जातात. ‘आयआर-कीटेबल’च्या यादीत एखादा ग्राहक ‘सीईसी’ भाषा बोलताना दिसला, तर तिथे किरण नाहीत, फक्त तार आहे.

झटपट सहा

• रिमोट जिवंत आहे की मेला? मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून एलईडीकडे पाहा आणि बटण दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांत जांभळट चमक दिसते. दिसली तर रिमोट जिवंत.

• टीव्हीच्या पुढचं काळं प्लास्टिक आपल्याला अपारदर्शक वाटतं, अवरक्त किरणांना नाही. ते दिसणारा प्रकाश अडवतं आणि निरोप आत सोडतं.

• रिमोटचे निरोप लिहिण्याच्या ‘प्रोंटो’ पद्धतीतल्या आकड्यांच्या रांगेत सुरुवातीला ००६डी दिसलं की समजावं, हा रिमोट ३८ किलोहर्ट्झचा.

• अ‍ॅपलने २००५ मध्ये आयमॅकबरोबर दिलेला सहा बटणांचा पांढरा रिमोट लिनक्सलाही कळतो.

• अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, मोबाइलमधल्या अवरक्त एलईडीवरून निरोप धाडण्याची सोय मूळ प्रणालीतच आहे.

• अर्डुइनो या हौशी सर्किट बोर्डवर रिमोट वाचण्याची गाजलेली लायब्ररी केन शिरिफ यांनी २००९ मध्ये लिहिली.

हे सगळं शक्य झालं ते दोन कारणांनी. रिमोटच्या भाषा साध्या आहेत, आणि ज्यांनी त्या उलगडल्या त्यांनी आपली वही सगळ्यांसाठी उघडी ठेवली. म्हणून बंद पडलेल्या कंपनीचा रिमोटसुद्धा आज कामाला लागतो. तेव्हा ड्रॉवरमधला रिमोट फेकू नका. नवे सेल घाला, ‘आयआर-कीटेबल -टी’ चालवा आणि एकेक बटण दाबून पाहा. तुमच्या रिमोटचा तक्ता अजून कुणी लिहिला नसेल तर तुम्ही लिहा आणि तो लिनक्सच्या भांडारासाठी पाठवा. उद्या कुणाला तरी तो आयता मिळेल.